शाळेमागचं काटवन

हिवरवाडी, ता. शिरूर
१२ ऑगस्ट १९७४

चि. मच्छिंद्र यास,
विठाआक्काचा जयभीम आन् पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळी खुशाल. रंभाचं आन् लेकरांचं कळव.

एक नवं खूळ डोक्यात शिरलंय, ते तुला कळवल्याबगर राहवेना. दुष्काळात माळावरचं झुडूप न् झुडूप सरपणाला गेलं, तवापासून पाखरं फिरकलीच न्हाईत. सकाळी शाळेची घंटा वाजवायला जाते तर नुसती शांतता. कानात बोळे घातल्यागत वाटतं. म्हणून गुरुजींना विचारलं, की शाळेमागचा अर्धा एकर मुरूम पडून हाय, तिथं झाडं लावू का? ते म्हणाले, लावा की, पण सरकारातून रोपं येणार न्हाईत.

मला कुठं पाहिजेत सरकारी रोपं? आपल्याच माळाची लावली. बोर, बाभूळ, हिवर, तरवड, आन् पांगाऱ्याच्या फांद्या. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातनं लेंड्यांसकट वेचून आणलं, ते लवकर उगवतं. पाणी म्हंजी पोरांच्या हात धुण्याचं.

गाव हसतंय. सोजरबाई म्हणाली, लोक दारात गुलाब लावतात आन् तू पायात मोडणारे काटे लावतीस. शेजारच्या रानाचे बबनराव सायकल थांबवून बोलले, की आपसूक उगवणाऱ्याला कोण लावतं? मी म्हटलं, दोन वर्षं झाली, उगवलंय का कुठं? तर सायकलवर टांग मारून गेले.

मायेत अंतर पडू देऊ नको.
तुझी,
विठाआक्का

रेल्वे क्वार्टर्स, दौंड
१ सप्टेंबर १९७४

ती. आक्कास,
मच्छिंद्रचा सप्रेम जयभीम व साष्टांग नमस्कार. पत्र पावलं. रंभाला वाचून दाखवलं तर हसून हसून तिचा चहा सांडला. शाळेत पाणी भरून तुझी कंबर धरते, त्यात आणखी बाभळीला पाणी! तू ऐकणार न्हाईस, हे मला लहानपणापासून ठाऊक हाय.

आमच्या साहेबांच्या बंगल्यात क्रोटन अन् बोगनवेल, पाइपानं पाणी, बघायला देखणी बाग. पण तुझं पत्र वाचल्यावर ड्यूटी संपवून मुद्दाम तासभर तिथं उभा राहिलो. एक चिमणीसुद्धा उतरली न्हाई. तवा तुझं म्हणणं थोडं पटलं. थोडंच!

जुन्या केबिनच्या भिंतीच्या फटीत उंबराचं रोप उगवलं होतं. भिंत फुटेल म्हणून उपटून टाकणार होते. मी ते मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळलंय. येत्या शुक्रवारच्या शिरूर एस.टी.च्या कंडक्टरकडे देतो. स्टँडवर घ्यायला कुणाला तरी पाठव.

तब्येतीला जप. लोभ हाय, तो तसाच वाढू दे.
तुझा,
मच्छिंद्र

हिवरवाडी
३० जानेवारी १९७६

चि. मच्छिंद्र यास,
जयभीम आन् आशीर्वाद. आधी गोड सांगते. दिवाळीला तरवड असा फुलला की कुंपण पिवळंधमक! त्यावर पिवळीच फुलपाखरं, इतकी की फूल कुठलं आन् पाखरू कुठलं कळेना. बोरीत बुलबुलाचं घरटं झालं. मुंगूस आलं, होले आले, साळुंक्या तर घंटेच्या आधी शाळा भरवतात. तुझा उंबर माझ्या कमरेला लागला.

आता कडू. पाखरं आली ती बबनरावांच्या ज्वारीवर पडली. कणसं दाण्यात आलेली. ते तरातरा शाळेत आले आन् गुरुजींसमोर मला नको नको ते बोलले. परवाच्या गावसभेत त्यांनी मागणी केली, की हे काटवन आजच्या आज तोडा. खोटं कशाला बोलू, टोकरलेली कणसं मी स्वतः बघितली. त्यांचं नुकसान झालंय.

सभेत मला बोलू दिलं न्हाई. पण गुरुजींनी माझा निरोप सांगितला, की काढणी होईस्तोवर शाळेआधी आन् शाळेनंतर विठाबाई स्वतः ज्वारी राखंल. सरपंच म्हणाले, बरं, एक साल बघू. पुढल्या सभेत फिरून तक्रार आली तर कुऱ्हाड. तवापासून ज्वारीतल्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवते. गंमत बघ, ज्यांना बोलावलं त्यांनाच हाकलते.

जीव थाऱ्यावर न्हाई. दोन ओळी तरी लिही.
तुझी आक्का

दौंड
१६ फेब्रुवारी १९७६

ती. आक्कास,
जयभीम व नमस्कार. तुझ्याकडनं निघून सुखरूप पोचलो. तुझ्यासंगं फिरवलेल्या गोफणीनं खांदा असा धरलाय की रूळ बदलायचा लिव्हर ओढताना आईची आठवण येते.

खरं सांगतो, तुझं पत्र वाचून रागानंच तुझ्याकडं आलो होतो. त्यांच्या रानात तू फुकट राखण का करायचीस, तुला सरळ दौंडला घेऊन यायचं, असं ठरवूनच गाडीत बसलो. पण पहाटे तू मला त्या पांगाऱ्याखाली नेलंस. लाल फुलांत नुसता कालवा! अकरा जातीची पाखरं मोजली अन् भांडायचं राहूनच गेलं. रंभाला सांगितलं, आक्का येणार न्हाई, आपणच सुट्टीत जाऊ.

पण पुढल्या सभेत तू स्वतः बोल. गुरुजींच्या तोंडून नको. तुझं तोंड शाबूत हाय, याला मी साक्षीदार हाय!

धीर सोडू नको, आम्हाला विसरू नको.
तुझा,
मच्छिंद्र

हिवरवाडी
२८ जानेवारी १९७७

चि. मच्छिंद्र यास,
जयभीम, जयभीम, आन् पुन्हा जयभीम! जिंकलो रे!

यंदा घाटेअळीनं गावाचा हरभरा पोखरून टाकला. घाटा फोडावा तर आत नुसती अळी. बबनरावांच्या सात एकरांतही ती दिसली. त्यांनी फवारायची पावडर आणून ठेवली. त्याच सकाळी मी बघितलं, आपल्या झाडांवरनं साळुंक्या, कोतवाल, खाटीक अशी पाखरं थव्यानं त्यांच्या हरभऱ्यात उतरत होती. मी घंटा दुसरीच्या बाईंकडे सोपवली आन् सरळ त्यांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, चला, बघा. चार दिवस पावडर मारू नका.

ते चिडले. पीक गेलं तर तू भरून देणार का, म्हणाले. पण आले. बांधावर उकिडवे बसले ते न्याहरीची वेळ टळली तरी उठेनात. उठताना एवढंच बोलले, चार दिवस, जास्त न्हाई. मच्छिंद्र, त्या चार दिवसांत पाखरं एक दिवस जरी दुसरीकडं गेली असती तर हरभराबी गेला असता आन् बागबी.

पाचव्या दिवशी बबनरावांनी ओळ न् ओळ चाळली. अळी शोधावी लागली!

सभेत सरपंचांनी काटवनाचा विषय काढला. मी काही बोलायच्या आत बबनराव उठले. हातात हरभऱ्याचा उपटलेला डहाळा, घाट्यांनी लगडलेला. सगळ्यांसमोर म्हणाले, गेल्या साली मी बाग तोडा म्हणालो, ते माझं चुकलं. मग मीबी उठले. म्हटलं, की ज्वारी दाण्यात येते ते पंधरा दिवस राखावी लागंल, ती आपण पाळीनं राखू; बाकीचं साल पाखरं आपली राखण करतात. सगळे हात वर! सोजरबाईनं तर दोन्ही केले. बाग शाळेच्या नावानं कायम झाली.

वस्तीत त्या दिवशी सगळ्यांच्या घरी गोड झालं. तुम्ही हवे होता.
तुझी,
विठाआक्का

हिवरवाडी
२२ मे १९७७

चि. मच्छिंद्र यास,
जयभीम आन् आशीर्वाद. सुट्टीला येताय हे वाचून बरं वाटलं. रंभाला म्हणावं, पिशव्या रिकाम्या आण, रोपं न्यायचीत.

बबनरावांना त्यांच्या सगळ्या बांधांवर आपली झाडं पाहिजेत. काल त्यांनी मला मळ्यात बोलावलं, कुठं काय लावायचं ते दाखवायला. आजवर आपल्या वस्तीतलं माणूस त्या मळ्यात गेलं ते मजुरीला, न्हाईतर राखणीलाच. काल मी बांधावर उभी राहून बोट दाखवीत होते, आन् बबनराव स्वतः कुदळ मारीत होते. एक खड्डा उथळ झाला. मी सांगितलं, अजून वीतभर खाली जाऊ द्या.

त्यांनी कुदळ उचलली आन् वीतभर खाली गेले.

वाट बघते.
तुझी,
विठाआक्का