खानदानी हातोडा

११ नोव्हेंबर, सोमवार

कुडो विकला! पुण्याच्या एका बाईंनी घेतला. धान मोजायचा साधा पितळी कुडो, पण मी लिहिलं होतं— ‘राजघराण्यातील पुष्पपात्र’. त्यात मनी प्लांट लावणार म्हणे. लावोत बापड्या.

वर्णनाखाली नेहमीचं वाक्य— ‘आमच्या घराण्यात तीन पिढ्या जपलेलं. मन घट्ट करून विकत आहे.’ हे वाक्य मोबाइलमध्ये तयारच ठेवलंय, फक्त चिकटवायचं. लिलावाच्या ग्रुपवर सगळेच खानदानी. कोणी भंगारातून आणलं असं म्हणतच नाही. एवढी घराणी होती तर भंगारवाले जगले कसे, देव जाणे.

पुनम वाचून म्हणाली, तुमचं घराणं तर बसस्टँडपाशी पासपोर्ट फोटो काढत होतं. बायकोला इतिहास कळत नाही. स्टुडिओ होता हे खरं. मोबाइल आले, लोक स्वतःचे फोटो स्वतः काढायला लागले, म्हणून मी त्याच दुकानात जुन्या वस्तूंचा तज्ज्ञ झालो. सिंदेवाहीत दुसरा नाही. असता तर माझं कठीण होतं.

दिवाळीचा चिवडा अजून उरलाय. नव्या स्टीलच्या डब्यात. पुनमनं सफाईत निघालेलं भंगार शकुबाई भांडेवालीला देऊन तो डबा घेतला. म्हटलं, भंगार द्यायच्या आधी मला दाखवत जा, एखादी दुर्मीळ वस्तू जायची. तर म्हणे, घरात जुनी वस्तू एकच, तिले कोणी घेऊन नाई राह्यलं.

१३ नोव्हेंबर

घुग्घुसला गेलो. कुलदीपच्या भंगाराच्या गोदामात. येताना आरशात पाहिलं तर मीच कोळशाच्या खाणीतून निघाल्यासारखा. पण काम झालं!

कुलदीपचा ट्रक आठवड्याला तालुके फिरून गोण्या गोळा करतो. एका गोणीत हातोडा मिळाला. लोखंडी, जड. एका तोंडाला उलटी उठलेली अक्षरं आणि नंबर. असा हातोडा आजवर पाहिला नाही. खिळा ठोकायचा नक्कीच नाही. कुलदीपला विचारलं, कुठला? म्हणाला, ‘भाऊ, गोणी बोलते काय?’ किलोच्या भावानं दिला. मी चेहरा असा केला, जणू उपकारच करतोय.

१४ नोव्हेंबर

ओळख पटवण्याचा दिवस. मोबाइलला फोटो दाखवून विचारलं, तर म्हणतो मटण कुटायचा हातोडा. यंत्राला काय कळतं!

विचार करून लिहिलं, ‘गोंड राजांची राजमुद्रा’. तासाभरात एका नागपूरकरानं विचारलं, राजे इंग्रजी आकडे लिहायचे का? माणसं फार शिकली आहेत. लगेच बदललं— ‘ब्रिटिशकालीन. साहेबाच्या खलित्यावर लाखेची मोहर उठवण्यासाठी.’ पुनम म्हणाली, एवढ्या हातोड्यानं मोहर मारली तर खलिता राहील काय, टेबल फुटेल. साहेबाचं टेबल सागाचं असेल, असं मी सांगितलं.

खाली खानदानी वाक्य चिकटवलं. या वेळी भर घातली— ‘माझ्या सासऱ्यांकडून माझ्याकडे आलेला.’ आजोबांचं नाव वापरून वापरून गुळगुळीत झालंय. सासरे नवे आहेत.

१५ नोव्हेंबर

मामाजींना दुकानात येऊ देत नाही, याचं पुनमला वाईट वाटतं. मामाजी म्हणजे तिचे वडील, माझे सासरे देवाजी. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. पण गेल्या महिन्यात गिऱ्हाईक बसलं होतं, मी ‘दरबारी दिवा’ दाखवत होतो, आणि हे म्हणाले, ‘असाच आमच्या गोठ्यात होता.’ गिऱ्हाईक उठलं ते आलंच नाही. मग मी सांगितलं, मामाजी, तुम्ही घरीच आराम करा.

आज घरी पाहुणे आले, तर मामाजींची पुराची गोष्ट सुरू. तरुणपणी आलापल्लीकडच्या जंगलात वनरक्षक होते. नाल्याला पूर आला, सरकारी हातोडा वाहून गेला. त्यावरून घरी बसवलं, चौकशी, वर्षानुवर्षं तारखा. लोक म्हणत, लाकूडचोरांना विकला असेल. शेवटी निर्दोष सुटले. निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं. ती शाल अजून पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली.

ही गोष्ट लग्नापासून ऐकतोय. पूर चढायला लागला की मी मोबाइल काढतो. एका हातोड्यासाठी एवढं रामायण? बाजारातून दुसरा आणायचा!

१७ नोव्हेंबर, रविवार

लिलाव पेटला! दोघे अडून बसलेत— एक पुण्याचे, आणि एक नवीन, आलापल्लीकडचे. आलापल्लीवाल्यानं हातोडा नीट पाहिलेला दिसतो. ‘नंबरचा जवळून फोटो टाका. खरंच तुमच्या सासऱ्यांकडचा आहे ना?’ दोनदा विचारलं. मी लिहिलं, ‘शंभर टक्के. घराण्याची शपथ.’ तर म्हणे, प्रत्यक्ष पाहायला येतो.

अशी गिऱ्हाईकं पाहिजेत. वस्तूची कदर असलेली!

१९ नोव्हेंबर

आलापल्लीवाले आले. खाकीत.

जीपमधून एक बाई उतरल्या, दीपिका मडावी, रेंजर. सोबत दोन गार्ड. आधी वाटलं सरकारी खातंही संग्रह करायला लागलं. चहा सांगितला. त्यांनी हातोडा उलटा करून पाहिला, वहीतला नंबर पडताळला आणि मला विचारलं, हे काय आहे ते माहीत आहे का? मी ‘साहेबाचा खलिता’ म्हणून सुरुवात केली. एक गार्ड भिंतीकडे तोंड करून हसला.

तो मार्का मारायचा हातोडा आहे. साग तोडला की खुंटावर आणि ओंडक्यावर हा छाप मारतात. छाप असला की लाकूड कायदेशीर. म्हणजे हा चोराच्या हाती पडला तर चोरीचा सागही पावन होतो. खासगी माणसानं जवळ ठेवणं हाच गुन्हा. आलापल्लीत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं म्हणे. मी तज्ज्ञ, सिंदेवाहीचा.

आणि नंबर? मामाजींच्या पुरात वाहून गेलेला, तोच.

मडावी मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘धनराजजी, देवाजी गार्डनं लिहून दिलं होतं की हातोडा वाहून गेला. तुम्ही जगाला लिहून देऊन राह्यले की तो सासऱ्याकडून आला. दोघांपैकी एकजण खोटा आहे. कोण, ते सांगा.’

हातोडा ताब्यात घेऊन जीप गेली. घरी आलो. मामाजींना फोटो दाखवला. मोबाइल डोळ्याला लावून पाहत राहिले. एवढंच विचारलं, ‘कुठी भेटला?’ घुग्घुसला, भंगारात, म्हटलं. त्यांचा चहा तसाच निवला.

२० नोव्हेंबर

मतदान. मामाजी आले नाहीत. आजवर एकही मत चुकवलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

काय करावं? हातोडा भंगारातला असं लिहून दिलं तर मामाजी सुटतात. पण मग ‘तीन पिढ्या’ खोटं. हातोड्याचं खोटं तर पुष्पपात्राचंही खोटं, दरबारी दिव्याचंही. ग्रुपवर माझी पत काय राहील? दुकान बंदच. आणि गप्प बसलो तर या वयात मामाजींची पुन्हा चौकशी. तेव्हा जे चोर म्हणत होते, ते आता म्हणतील, पाहा, जावयाकरवी विकला.

कुलदीपला फोन केला. म्हटलं, गोणी कोणाची ते आठव. म्हणाला, ‘भाऊ, मी कागदावर सांगतो का तुमी माझ्याकडून घेतला. त्याच्या आंधी कुठून आला, ते गोणीले माहीत.’ तेवढं तरी झालं.

पुनमशी बोललो. थोडं इकडचं तिकडचं. मधला मार्ग काढावा, ‘स्मरणात चूक झाली’ असं काहीतरी. ती भाकरी थापत होती. हात थांबले. ‘माया बाप चोर नाई,’ ती म्हणाली. ‘तुमचं दुकान बुडलं तं बुडू द्या. मी कापणीले जाईन. पण बाबाले पुन्हा कोणी चोर म्हणू नये.’

लाज वाटली. खरंच वाटली. एवढी वर्षं तो माणूस पुराची गोष्ट सांगत होता आणि मी एकदाही पूर्ण ऐकली नाही.

२२ नोव्हेंबर

टाकलं ग्रुपवर. ‘हातोडा आमच्या घराण्यातला नाही. भंगारातून घेतला. माझ्या सासऱ्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मी आजवर लिहिलेलं प्रत्येक वर्णन बनावट आहे.’ शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण सुटलं की सुटलं.

ग्रुपवर हलकल्लोळ! सगळ्यात मोठ्यानं ओरडले ते, ज्यांच्या प्रत्येक कंदिलाला पेशव्यांचा हात लागलेला असतो. एकानं लिहिलं, अशा लोकांमुळे आपला पवित्र छंद बदनाम होतो. याच गृहस्थानं मला मागे शेणात पुरून पितळ जुनं करायला शिकवलं होतं. संध्याकाळपर्यंत ग्रुपमधून काढलं.

पुण्याच्या बाईंचा वेगळा मेसेज आला. मग माझं पुष्पपात्र काय आहे? म्हटलं, बाई, धान मोजायचं माप. पैसे परत करतो. थोड्या वेळानं उत्तर आलं, राहू द्या, गळत नाही ना, पुरे.

वनखात्याच्या कचेरीत जाऊन तेच सगळं सही करून दिलं. सत्य लिहिताना अक्षर चांगलं येतं असं नाही.

२३ नोव्हेंबर

मडावी मॅडम घरी आल्या. मामाजींपुढे खाली बसल्या. म्हणाल्या, माझे वडील लालसू त्याच जंगलात मजुरीला होते, देवाजी गार्ड लाकडाचं एक फाटं कोणाला फुकट नेऊ देत नसे असं सांगायचे. हातोडा जमा झाला, कुलदीपचा आणि माझा जबाब जुळला. आता तुमच्या नावावर काही नाही, म्हणाल्या. पाया पडून गेल्या.

पुनम रडली. मीही डोळे पुसले, लपवत नाही. वाटलं, दुकान गेलं पण जन्मात एक तरी बरं काम झालं!

मामाजी मात्र हसले नाहीत. जेवलेही नाहीत. खाटेखालची पेटी ओढून उघडली, तळापर्यंत हात घातला, पुन्हा बंद केली. शाल काढायची असेल. मग पुनमला जवळ बोलावून हळूच काहीतरी विचारलं. तिचा चेहरा पडला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाई.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुनमनं आज सांगितलं. दिवाळीच्या सफाईत तिनं मामाजींची पेटी झाडली. तळाशी फडक्यात बांधलेलं जड काहीतरी होतं, जुना पाना-बिना असेल म्हणून न सोडताच शकुबाईला दिलं. त्यावर डबा आला, भंगार कुलदीपच्या ट्रकात गेलं. आणि मी घुग्घुसपर्यंत धूळ खात गेलो! काखेत कळसा अन् गावाला वळसा.

मामाजी तिला म्हणाले, ‘पुरात वाहून गेला हे खरंच होतं, बाई. उन्हाळ्यात रेतीत भेटला. पण तोवर मी सही करून बसलो होतो. आता आणून देल्ला तं लपवलाच होता म्हणतील. म्हणून नाई सांगतलं.’

मी मामाजींना काही विचारलं नाही. दुपारी त्यांच्याजवळ बसलो आणि पुराची गोष्ट सांगायला लावली. या वेळी मोबाइल काढला नाही.

आयुष्यात एकच वर्णन खरं लिहिलं होतं. ते खोटं आहे, असं सही करून आलो.