मागच्या सीटचं माप

सेक्टर १, भिलाई
रविवार, दि. २२ सप्टेंबर १९६३

चिरंजीव देवानंद यास ताईचा आशीर्वाद. सौ. कलावतीलेही सांग. इकडे आमी दोघं ठीक आहो. मनू जेवते, भांडते, कढीतले गोळे वेचून खाते अन् कढी मले ठेवते.

तुझं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. दिवाळीले मनूले गावी आणून सोडा, आता घरात तिची आई आली आहे, असं तू लिहिलं. बरोबर लिहिलं. पोट्टी तुझी आहे. तिची जन्माची आई मथुरा वारली तेव्हा पाच महिन्यांची माझ्या ओटीत टाकली होती, कायमची काही दिली नव्हती. मी तिले आत्याच म्हणायले शिकवलं आहे, हे मागंही कळवलं होतं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. इथल्या प्लँटातला सुखराम सुटीवर गावी आला तर त्यानं पारावर बसून सांगितलं म्हणे, का विजयाताईचा मालक काखेत लाकडाचा पाय घेऊन भिलाईभर मोटारी पाहत फिरते. तू विचारतं, भाऊजीचं डोकं फिरलं का, अन् रेल्वे बंद पडली का? रेल्वे चालू आहे. डोकंही जाग्यावर आहे, पहिले जेवढं होतं तेवढं.

लोक मोटार घेतात तर बॉनेट उघडून पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. आमी मागचं दार उघडतो. मागं मी बसणार अन् मनू माझ्या मांडीवर, कारण ती दुसरीकडं बसतच नाही. तिचा उजवा पाय सरळ राहिला पाहिजे अन् समोरच्या सीटले लागला नाही पाहिजे. एवढीच आमची अट. अशी अट कावून, ते पुढं लिहिते. लिहिणार आहे, भिऊ नको.

हे प्लँटात पॅटर्न शॉपमध्ये आहेत, तुले माहीत आहे. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागते, ते याईचं, तुझ्या भाऊजीचं, काम. म्हणून कोणतीही गोष्ट लाकडात केल्याशिवाय याईले समजत नाही. मनूचा पाय बुटासकट मोजला, अन् आठ दिवसांत सागाच्या तुकड्याचा पाय करून आणला. वरून पॉलिश! मी म्हटलं, आता याले नाव ठेवा अन् बारसं करा.

तो घेऊन आमी दुर्गले एका वकिलाची गाडी पाहायले गेलो. लहानशी, राखाडी, अशी चकचकीत का मी मनातल्या मनात तिच्यात बसून नागपूरले जाऊनही आली. याईनं मले मागं बसवलं, लाकडाचा पाय माझ्या पोटाशी धरून पुढं सरळ केला. वकिलीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या, आमाले पाहिलं अन् कप पायरीवरच ठेवून आत गेल्या. पायाची टाच समोरच्या सीटले टेकली. करंगळीच्या जाडीएवढी जास्त.

"नहीं जमेगा, वकील साहब," हे म्हणाले.

"अरे, इतने से के लिये?"

"हमारे यहाँ इतने से में पूरी ढलाई फेंक देते हैं."

ढलाई म्हणजे याईचं ओतलेलं लोखंड. झालं. चार दिवसांनी ती गाडी दुसऱ्या कोणी नेली. अन् पाचव्या दिवशी मी मनूले बूट चढवून राहिली होती, लाकडाचा पाय तिथंच पडला होता, सहज दोन्ही जवळ धरले. लाकडाचा लांब! बरोबर करंगळीभर.

मी अशी बोलली, अशी बोलली, का शेजारची पंजाबीण दारात येऊन उभी राहिली. मग कळलं. याईच्या शॉपमधली मोजपट्टीच वेगळी असते. ओतलेलं लोखंड थंडं झालं का आकसते, म्हणून ती पट्टी मुळातच मोठी आखलेली. तिचा एक इंच आपल्या इंचाहून जरा जास्त. याईनं सवयीनं तीच लावली. खरा इंच विसरला हा माणूस! मी म्हटलं, पोट्टी काय भट्टीतून काढली आहे, थंडी होऊन आकसायले?

हे पाय उचलून धोतरानं पुसत बसले. मग म्हणाले, "आकसत नाही, वाढते न वो. राहू दे तेवढं."

मी आत जाऊन रडली, देवा. अन् तेव्हाच ठरवलं का तुले सगळं लिहायचं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मनूले ताप भरला. तीन दिवस उतरला नाही. चौथ्या दिवशी उतरला, मी खुश होऊन तिले उभी केली, तर उजवा पाय खाली टेकेच ना. ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. पोलिओ. नागपूरच्या डॉक्टरनं जांघेपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या दिल्या आहेत. गुडघा दुमडायचा नाही अन् दर महिन्याले आणून दाखवायचं. रेल्वेनं नेते, तर गर्दीत कोणाची ना कोणाची ट्रंक त्या पायावर आपटते. मागच्या खेपेले गोंदियापासून घरापर्यंत रडत आली. आता भिंत धरून चालते. भिंत संपली का मले हाक मारते.

हे एक वर्ष मी तुझ्यापासून लपवलं. तुझ्या लग्नाले आली नाही, याईले सुटी नाही म्हणून कळवलं, ते खोटं होतं. तू रागावला, तीन महिने पत्र नाही टाकलं, ते बरोबरच केलं. पण मनूले घेऊन मांडवात कशी आली असती मी? चांगली, दोन्ही पायांची पोट्टी दिली होती, काय केलं तिचं, असं तू विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? पोळ्याले बैल दाखवायले मीच तिले कडेवर घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणते त्याचा अन् याचा संबंध नाही, तुमची चूक नाही. मान हलवून येते मी. पटत नाही.

अन् याहून वाईट आहे तेही लिहिते. तुझं नेण्याचं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, का पाय पाहिल्यावर तू तिले नेणार नाही. अन् मले बरं वाटलं. पोरीच्या अधू पायाचं मले बरं वाटलं, देवा! त्या दिवशी मी देवापुढं दिवासुद्धा लावला नाही. लाज वाटली.

गाडी मिळाली. इथल्या एका बंगाली साहेबाची बदली झाली, त्याची अँबॅसिडर. रंग काळा आहे, मले आवडत नाही, तो प्रश्न नाही. यावेळी लाकडाचा पाय घरी ठेवला अन् खरी मनू मांडीवर घेऊन बसली. पाय सरळ केला तरी समोर चार बोटं मोकळी. तिनं स्वतःच टाच पुढं रेटून पाहिली. "नाई लागत!" म्हणाली अन् हसली. याईनं तिथंच सौदा पक्का केला, इंजिन घरी आणल्यावर पाहिलं. चालवायचं शिकणं चालू आहे. आतापर्यंत एक नाली अन् एक कुंपण झालं.

वसुबारसेले सकाळी निघू, साकोलीच्या रस्त्यानं दुपारपर्यंत गावात पोचू. पट्ट्या झाकायले मी तिले लांब परकर घालणार नाही. तू पाहून घे, कलावतीले पाहू दे. ठेवायची असेल तर ठेव. दर महिन्याले आमी भिलाईहून गाडी घेऊन येऊ, नागपूरले नेऊ, दाखवू, तुझ्या दारात आणून सोडू. गाडी त्याच्यासाठीच घेतली आहे, मिरवायले नाही. अन् ठेवायची नसेल तर चार लोकांत काही बोलू नको, तिले समजते आता. गुपचूप माझ्या मांडीवर दे. मागं जागा आहे.

एक मात्र आधीच कळवते, नाहीतर तुले दारातच ऐकू येईल. वर सुरुवातीले लिहिलं, का मी तिले आत्या म्हणायले शिकवलं आहे. ते खोटं नाही. रोज शिकवलं.

ती शिकली नाही.

मनू जिले आई म्हणते ती,
तुझी ताई
विजया