हे खाली गाडीत आहेत

३ फेब्रुवारी

केली बाई सही! एक नाही, चार ठिकाणी. दवाखान्यातल्या अभ्यासाचं माहितीपत्रक घरी आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं होतं. मोठ्या डॉक्टरांना शंका विचारायला बसले तर म्हणाले, "काकू, हे सगळं वाचून आलेल्या तुम्ही पहिल्याच." मी फुगले. बाहेर सिस्टर म्हणाली, "सगळ्यांना असंच म्हणतात ते." फुस्स!

प्रकार साधा आहे. माझा संधिवात वयाचा नव्हे. (वयही झालंय, पण इथे त्याचा दोष नाही.) शरीराची राखण करणारी फौज माझ्याच सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. घरच्याच माणसाला परकं समजायचं — सासूबाई आठवल्या! दर महिन्याच्या इंजेक्शनने ही फौज गेली सहा वर्षं गप्प आहे. आता डॉक्टरांना बघायचंय, की इतकी वर्षं बऱ्या असलेल्या माणसाचं इंजेक्शन थांबवता येतं का. म्हणून आमच्यातल्या अर्ध्यांना खरं औषध आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही माहीत नाही. सूज परत आली, की त्या माणसाने अभ्यासातून बाहेर पडायचं आणि जुनं इंजेक्शन पुन्हा चालू.

लेक फोनवर ओरडली. "आई, चांगलं चाललंय ते मोडायला कशाला जातेस?"

म्हटलं, विज्ञानाला मदत. आवाजही तसाच लावला. खरं कारण असं, की महिन्यातून एकदा कुठेतरी माझी वाट बघतील.

१० फेब्रुवारी

पहिली तपासणी. सांधे बघणारी बाई वेगळीच असते. वरच्या मजल्यावरून तेवढ्यापुरती खाली येते. माझी फाइल तिला दाखवत नाहीत. सिस्टरने मला दारातच तंबी दिली, "तिच्याशी आजाराबद्दल, औषधाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. ती विचारणारही नाही. तिचं मत फिरायला नको." म्हणजे माझ्या बोटांनी बोलायचं, मी नाही. मला सांगताय!

तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, हात गरम. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे — सगळे मिळून अठ्ठावीस. प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबते. तिचं नख पांढरं पडेपर्यंत दाबायचं असा नियम आहे म्हणे. मग विचारते, "दुखतं?" बस. दुसरा शब्द नाही. मी तिचं नाव मुकी ठेवलं.

मनगट दाबायच्या आधी तिने माझं घड्याळ काढून ठेवलं. यांचं आहे, पुरुषी, बशीएवढं. पट्ट्याला आतल्या बाजूला दोन जास्तीची भोकं पाडून घेतली आहेत, तरी ढिलंच.

टेबलावरून उतरताना जरा झोक गेला माझा. तिने विचारलं, "सोबत कुणी आलंय?"

मी म्हटलं, "हे आहेत ना. खाली गाडीत."

आपसूक! सहा वर्षं मी हेच उत्तर देत आले. दवाखान्याचा वास यांना सोसायचा नाही, म्हणून मला सोडून खाली गाडीत रेडिओ लावून बसायचे. यांना जाऊन आठ महिने झाले. गाडी घराखाली ताडपत्री पांघरून उभी आहे. आज मी बसने गेले होते.

लगेच दुरुस्त करायला हवं होतं. पण ती हसली ना. मग राहून गेलं.

११ फेब्रुवारी

शहाण्या वाचक बाई. वय चौसष्ट. मृत नवरा पार्किंगमध्ये. धन्य!

१० मार्च

आजार नको, औषध नको. ही दोन वजा केली तर माझ्याकडे बोलायला यांच्याशिवाय काय उरतं? दिलं सुरू करून. उजव्या खांद्यापासून डाव्या खांद्यापर्यंत रेडिओची गोष्ट. (आवाज इतका मोठा, की शेजारच्या गाडीवाल्याने काच ठोठावली आणि यांनी त्यालाच आत बसवून बातम्या ऐकवल्या. खरी गोष्ट आहे, फक्त जुनी.) कोपरांपाशी शर्टाची गोष्ट. वरचं बटण तुटलंय, लावून देते म्हटलं तर "राहू दे, हवा लागते." हे असंच म्हणायचे. मी सांगितलं ते मात्र काल म्हणाल्यासारखं.

मुकी "दुखतं?" विचारते आणि मधे "हं" म्हणते. गुडघ्यांपाशी आली तेव्हा चक्क खुदकन हसली. मला पन्नास टक्के सूट मिळाल्यासारखं झालं.

येताना बसमध्ये शेजारच्या जागेवर, यांच्यासाठी धरल्यासारखी, पिशवी ठेवली होती. एका माणसाने बघितलं, तेव्हा उचलून मांडीवर घेतली. म्हटलं, आता पुरे.

११ एप्रिल

पुरे कसलं! आज कहर झाला.

तपासणी संपल्यावर मुकी माझ्यामागून बाहेर आली. मशीनमधून चहाचे दोन कागदी कप भरले. एक माझ्या हातात दिला, दुसराही माझ्याच हातात दिला आणि बोटाने खाली दाखवलं. वर एक शब्द खर्च केला, "काकांना."

आता काय करते! दोन्ही हातांत गरम कप, लिफ्टचं बटण कोपराने दाबलं. खाली आले. वरून बघत असेल या भीतीने थेट गाड्यांच्या रांगेपर्यंत गेले. एका अनोळखी पांढऱ्या गाडीला टेकून आधी माझा चहा प्यायले. मग यांचा. यांच्यात साखर जास्त होती. कुणी सांगितलं तिला? मीच. मार्चमध्ये, मनगटापाशी.

पार्किंगचा रखवालदार जवळ आला. "बाई, गाडी तुमची का?"

"नाही."

"मग टेकू नका. वाजते ती."

आणि वाजलीच! कप चुरगाळून पळाले. पळाले म्हणजे आपली भरभर चालले. हे असते तर हसून हसून रेडिओ बंद करायला विसरले असते.

२ मे

सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडेना. दातांनी उघडलं. रात्री झाकण न लावताच ठेवायचं, म्हणजे प्रश्नच नाही. मी हुशार आहे.

५ मे

घड्याळ एक भोक पुढे सरकलं. उकाड्याने हात फुगतात, असं मी मला सांगितलं. मी फार भोळी असल्यामुळे मला पटलंसुद्धा.

७ मे

वाचनालयात गेले. सांध्यांच्या आजारावरचं जाड पुस्तक तिथे बसूनच वाचलं, घरी आणलं असतं तर रात्रभर समोर दिसत राहिलं असतं. सूज आतल्या आत राहिली तर हाडाची कड झिजते, उंदराने पुठ्ठा कुरतडावा तशी. एकदा गेलेली कड परत भरत नाही.

म्हणजे मला मिठाचं पाणी मिळतंय तर. सहा वर्षं झोपलेली फौज उठली. उपाय सोपा, फोन उचलायचा आणि "सिस्टर, सूज आली" एवढंच सांगायचं. जुनं इंजेक्शन सुरू. पण मग अभ्यास संपला, मुकी संपली.

पुस्तक जागेवर ठेवलं. फोन नाही केला.

१० मे

तीन दिवस आरशासमोर सराव केला. स्वतःचं बोट दाबायचं आणि तोंड वाकडं होऊ द्यायचं नाही. नाटकात काम करायची शाळेत फार हौस होती, बाईंनी झाडाचं काम दिलं होतं. तो अनुभव आज कामी आला. निघायच्या आधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवून सूज उतरवली.

"दुखतं?" — "नाही." "दुखतं?" — "छे!" उजव्या मनगटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याच क्षणी मी यांच्या घोरण्याची गोष्ट काढली आणि मोठ्याने हसले. मुकीने माझ्या हाताकडे बघितलं, जरा थांबली. माझे हात गार का, हे तिला विचारता येत नाही. नियम! मी नियमाचे आभार मानले.

१९ मे

लेकीचा व्हिडिओ कॉल. "आई, बोटं दाखव."

"कॅमेऱ्यात सगळंच जाड दिसतं."

"मग गाल का नाही जाड दिसत तुझे?" पोरगी बापावर गेलीये, सोडत नाही. शिवाय तिचं जुनं पालुपद. "गाडी विकून टाक गं. उभी राहून सडेल. कोण चालवणार आहे?"

म्हटलं, "तुझे बाबा—" आणि थांबले. मग ती हळूच म्हणाली, "जेवलीस का?"

६ जून

घड्याळ आता यांच्या भोकाला बसतं. ज्या भोकाला घासून घासून पट्ट्यावर वळ पडलाय, अगदी त्याच. लग्नाच्या इतक्या वर्षांत जमलं नाही ते आता जमलं. दोघांचं मनगट एक!

९ जून

उद्या तपासणी. आज वहीशी तरी खरं बोलावं.

घरात हे नाहीत. कपाटात नाहीत, गॅलरीतल्या खुर्चीत नाहीत. त्याची सवय होत आली आहे. म्हणजे सकाळी उठल्यावर आठवण करून द्यावी लागत नाही, माहीत असतं. लोक येतात ते आवाज खाली आणून बोलतात, त्यांनाही माहीत असतं. जगात एकच खोली आहे जिथे कुणालाच माहीत नाही. तिथे मी टेबलावर पडते, एक बाई माझे हात हातात घेते, आणि तेवढा वेळ हे खाली गाडीत बसलेले असतात. बटण तुटलेलं, रेडिओ मोठा.

त्याची किंमत एक हाड. महाग आहे, कळतंय मला. घासाघीस करायला समोर कुणी नाही, एवढंच.

१० जून

"नाही." "नाही." "अजिबात नाही." माझ्यासारखी नटी होणे नाही. सूज थोडी वाटते, पुढच्या वेळी पुन्हा बघू, असं सिस्टर म्हणाली. बर्फ कमी पडला.

११ जुलै

पकडले गेले.

एक बारीक गोष्ट मी इतकं वाचूनही विसरले होते. दुखतं की नाही हे मी सांगायचं, पण सूज आहे की नाही हे तिने ठरवायचं. त्यात मला विचारतच नाहीत. मी आपली "नाही, नाही" म्हणतेय आणि तिचं पेन चाललंय ते चाललंच आहे. आज तिने घड्याळ काढलं तेव्हा पट्टा मनगटात रुतलेला होता. खालच्या खुणेवरून तिने बोट फिरवलं. मग पुन्हा, फार हळू, "दुखतं?"

"नाही गं. हे म्हणतात ना—" गोष्ट अर्धीच राहिली. पहिल्यांदाच.

दुपारी मोठ्या डॉक्टरांपुढे उभी केली. "काकू, तुम्ही म्हणता दुखत नाही, सूज म्हणते दुखतंय. मी कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "सूज आगाऊ आहे."

ते हसले नाहीत. एक्स-रे काढायला पाठवलं.

१४ जुलै

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी एक खाच पडली आहे. डॉक्टरांनी पेनच्या टोकाने दाखवली. अगदी एवढीशी. राहणार कायमची.

"तुम्ही वाचता, म्हणून सांगतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "या अभ्यासावरून उद्या आम्ही शेकडो लोकांना सांगणार, औषध थांबवा किंवा थांबवू नका. तुम्ही दुखत असताना 'नाही' म्हणालात, की तुमच्यासारखीच कुणीतरी बाई औषध थांबवून बसेल. तिला कोण सांगणार होतं?"

याबद्दल माहितीपत्रकात एक अख्खं पान होतं. तीनदा वाचलं होतं मी ते. शब्दकोश घेऊन! विज्ञानाला मदत करायला निघालेली बाई ती हीच.

माझ्या मेपासूनच्या सगळ्या "नाही" खोट्या होत्या, हे त्यांना सांगितलं. कुठली कधीची तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. का, ते विचारलं त्यांनी. म्हटलं, "सवय." ते अगदीच खोटं नाही. पण खाली गाडीत कोण होतं, ते मात्र नाही सांगता आलं.

अभ्यासातून बाहेर. जुनं इंजेक्शन सोमवारपासून.

१८ जुलै

ताडपत्री काढली. बॅटरी मेलेली. नुसतीच आत बसले थोडा वेळ, चालवायच्या नाही, शेजारच्या जागेवर. माझी जागा तीच.

२१ जुलै

इंजेक्शन घेऊन निघाले. लिफ्टपाशी मुकी.

"काकू! आता तुम्ही अभ्यासात नाही. आता मला तुमच्याशी बोलता येतं!" केवढा मोठा आवाज आहे तिचा! "इतके महिने जीभ चावून बसले होते. चला, काकांना भेटूनच येते. तो रेडिओ बघायचाय मला."

लिफ्टमध्ये तीच बोलत होती. मी मजल्यांचे आकडे बघत होते. खाली आल्यावर ती पुढे झाली, गाड्यांमध्ये वाकून वाकून बघायला लागली. "कुठली हो तुमची?"

म्हटलं, "कुठलीच नाही. ते गेले गं. तू मला भेटायच्या आधीच गेले."

ती वळली. परत आली. माझा हात हातात घेतला, दाबला नाही, नुसता धरला. आणि सवयीचंच तिच्या तोंडातून निघालं.

"दुखतं?"

म्हटलं, "हो."