पलीकडून कोण धरणार

ता. ९, सोमवार

लाडके ठमे,

आजीचा पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. तू स्वतःच्या होड्या बांधणार म्हणून पत्र आलं, ते शेजारणीला इतकं ऐकवलं की ती म्हणाली, "पुरे आता, मलाच होडी बांधता येईल."

पण दुसरं पान वाचलं आणि तोंड कडू झालं. "आजी, एकटीला चालवता येईल असं रिव्हेट मारायचं कुठलं यंत्र घेऊ?" एकटीला! अगदी बापाची लेक.

तू त्याच्याशी भांडून गेलीस आणि बाबाने तेच आणलं. चिमट्यासारखं, एका हाताने दाबायचं. म्हणे, "आई, आता पलीकडून कुणी लागत नाही." त्याचे ते रिव्हेट मधे पोकळ, नाकपुडीसारखे. होडी पाण्यात घातली आणि नाकपुड्या गळायला लागल्या. मग वरून चिकट लांबी फासली. शी! असा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर शेंबडाच्या रांगा! मला जेवण गेलं नाही. गिऱ्हाईक होडी परत टाकून गेलं. ती अंगणात पडलीय, मी तोंड फिरवून जाते.

तर ऐक. भरीव रिव्हेट घे, तेही ॲल्युमिनियमचेच. भलत्या धातूचे लावलेस तर पत्रा कुजतो, पांढरं पीठ सुटतं, घाण नुसती. हवेवर चालणारा हातोडा घे, हळूहळू दाबता येईल असा. त्याच्या टोकाची वाटी रिव्हेटच्या डोक्यावर टोपीसारखी बसायला हवी. दुकानात लाजू नकोस, लावून बघ. पलीकडून धरायचा लोखंडी ठोकळा मात्र विकत घेऊ नकोस.

तो घरात आहे ना. आजोबा बाहेरून ठोकायचे, मी होडीत बसून रिव्हेटच्या शेपटीला तो टेकवून धरायचे. पत्र्याआड तोंड दिसत नाही, म्हणून ठोकळ्याने बोलायचं. एक टक् म्हणजे अजून मार, दोन म्हणजे बसला. आमचा अबोला असला तरी टक् चालूच. पुढे तू बाबाशी तसंच बोलायचीस.

त्या ठोकळ्याचं त्याने काय केलं माहितेय? संडासाच्या दाराला अडकण! शिसारी आली मला. उचलला, घासला आणि काल त्या गळक्या होडीत जाऊन बसले.

"काढ त्या नाकपुड्या, भरीव मार."

"आई, पडशील गं."

"मार म्हणते ना!"

मारला. माझं मनगट लटपटलं, रिव्हेट वाकडा बसला. बाहेर हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तिचा हात कसा घट्ट होता."

मी तुला ये म्हणत नाही हं. तुझं तू बघ. ठोकळा न्यायला तेवढी ये, टपालात टाकायला फार जड आहे.

आत्ता तो मागे येऊन उभा राहिला. "काय लिहितेस?" म्हटलं, "तुझ्या शेंबडाबद्दल." हसला नाही. जाता जाता दारातून म्हणाला, "माझ्याकडून एक टक् लिही."

एकच म्हणाला, दोन नाही. म्हणून लिहिते.

टक्.

तुझी,
मनगट गेलेली आजी