केंद्रप्रमुख नसलेलं उपनगर

बाबा,

आज सकाळी आयरिश माध्यमाच्या शाळेतून ईमेल आला. तुमच्या नातीला, ईराला, प्रतीक्षा यादीतून जागा मिळतेय. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. अनिकेत म्हणाला, "तूच ठरव. तुझ्या बाबांनीच नाव घालायला लावलं होतं." तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. फोन करून विचारता येत नाही, म्हणून लिहायला बसले. मला एवढं मराठी लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी तुम्ही आलात ते तीन महिन्यांसाठी. गुडघ्यांमुळे आईला एवढा प्रवास नको होता, म्हणून एकटेच आलात. मग मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि तुम्ही डब्लिनच्या कडेच्या या उपनगरात अडकलात. घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचं नाही, असा नियम. मला वाटलं, तुम्ही कंटाळून जाल. तुम्ही विचारलंत, "दोन किलोमीटरात शाळा किती येतात गं?"

चार येत होत्या, आणि चारही बंद. बंद शाळेत बघायचं काय? तर म्हणालात, "बंद शाळाच बघावी. साहेब येणार म्हणून कुणी सजवलेली नसते."

मग आपण रोज चालायला लागलो. चर्चशेजारची मुलांची शाळा, तिला लागून मुलींची, नव्या वसाहतीतली सर्व धर्मांची, आणि खेळाच्या मैदानामागे पत्र्याच्या तयार खोल्यांत भरणारी आयरिश माध्यमाची. तुम्ही कुंपणाबाहेर हात मागे बांधून उभे राहायचात. एकदा म्हणालात, "इथं सगळी पोरं खेळतात. नुसतं गोलपोस्टाजवळचं गवत गेलेलं नाही, कडेकडेनंही गेलंय." त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन, बाबा. मला फक्त शाळा दिसली होती.

तुमचं सगळं अडलं ते एका प्रश्नापाशी. "यांचा गटशिक्षणाधिकारी कुठं बसतो?"

"नसतो, बाबा. प्रत्येक शाळेची आपली समिती असते. पगार सरकार देतं, शाळा चर्चची नाहीतर एखाद्या संस्थेची."

"आणि परिपत्रकं?"

"खात्याकडून थेट शाळेला."

"बरं, केंद्रप्रमुख तरी?"

"तोही नसतो."

तुम्ही थोडं चाललात. "म्हणजे मी केंद्रप्रमुख म्हणून फटफटीवरनं शाळाशाळांतनं फिरून जे केलं, ते इथं कुणीच करत नाही?"

"नाही."

"आणि शाळा चालतात?"

"चालतात."

"च्यायला," म्हणालात. तुमच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. तुम्हाला वाईट वाटलं असेल म्हणून मी बघितलं, तर तुम्ही हसत होतात. एखाद्या मोठ्या देवळापुढे माणूस मान वर करून बघतो, तसं त्या पत्र्याच्या खोल्यांकडे बघत होतात.

ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडल्या. पालकांना आत सोडत नव्हते, सगळे फाटकाबाहेर अंतर ठेवून उभे. पत्र्याच्या खोल्यांच्या खिडक्या सताड उघड्या, हवा खेळावी म्हणून. आतून मुलांचा आवाज येत होता आणि त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. पटांगणात आमच्या वसाहतीतली नायजेरियन घरातली मुलगी कुणाशी तरी तावातावाने आयरिशमध्ये भांडत होती. तुम्ही म्हणालात, "भांडता येतंय म्हणजे भाषा आली. बाकीचं होईल सावकाश."

शेजारी हिरव्या जॅकेटातला एक बाप उभा होता. तुम्ही मला म्हणालात, "विचार त्याला, घरी हीच भाषा बोलता का?" मी अवघडले. अनोळखी माणसाशी बोलायला मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी विचारलं. तो हसला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या आजीला येत होती. मधल्या दोन पिढ्यांत गेली. आता ही पोरगी घरी आणतेय, थोडी थोडी."

मी तुम्हाला ते मराठीत सांगितलं. आपण घरी आलो. दारात बूट काढताना म्हणालात, "आपली भाषा तर चालू होती. तरी मी तुला तिच्यातनं काढलं."

बाबा, मी चहा टाकायला आत गेले. विट्याच्या बाजूला वस्तीवस्तीवर फिरून तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वाढवायचात, आणि मी सांगलीला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत जायचे. सुट्टीत तुमच्याबरोबर फटफटीवर आले की लोक टोमणा मारायचेच. "गुरुजी, तुमची लेक कुठल्या शाळंत?" तुम्ही म्हणायचात, "तिच्या आईला विचारा." आईने तर कधी काही ठरवलंच नव्हतं. का धाडलंत मला? इथली नोकरी त्या शाळेमुळेच मिळाली, हेही खरं. मला राग नाही. पण विचारायचं राहिलं.

ईराचं नाव घालायला मी तयार नव्हते. घरी मराठी, पाळणाघरात इंग्रजी, वर आणखी आयरिश. पोरीचा गोंधळ होईल म्हटलं. तुम्ही म्हणालात, "वीटभट्टीवरची पोरं घरी तेलुगू बोलायची, माझ्याकडं मराठीत शिकायची. गोंधळ मास्तरचा व्हायचा, पोरांचा नाही." अनिकेतचा प्रश्न सरळ होता. "आणि पुण्याला परत गेलो तर? तिथे आयरिशचं काय करायचं?"

खरी गोष्ट तीच होती. पाच वर्षांत परत येऊ, असं आम्ही तुम्हा दोघांना सांगून आलो होतो. या शाळेत घालायचं म्हणजे परत जायचं नाही, हे मान्य करायचं. आणि ते तुम्हीच सुचवत होतात. नोव्हेंबरमध्ये विमानतळावर, मास्क खाली ओढून, तुम्ही एवढंच म्हणालात, "राहणारच असाल तर पाहुण्यासारखं राहू नका." लेक परक्या देशात कायमची राहणार, हे आमच्याआधी तुम्ही मान्य केलंत. त्यासाठी आतून किती धीर लागला असेल? मी अजून त्याचाच विचार करते आहे. एप्रिलमध्ये तुम्ही गेलात, तेव्हा मला येता आलं नाही. दादाने फोनवर दाखवलं तेवढंच.

हे लिहिता लिहिता मध्येच उठले आणि शाळेला हो कळवून आले. अनिकेतला सांगितलं. तो म्हणाला, "मग घर बघायला हवं, भाड्याचं किती दिवस?" ईरा इथल्या पोरांसारखं, "ठीक आहे" अशा अर्थाने म्हणाली, "ग्रँड." तिला काय, सगळंच ग्रँड असतं.

आता एकच राहिलं. आई अजून दर रविवारी विचारते, "कायमचे कधी येताय?" दादा म्हणतो, तुम्ही परत गेल्यावर तिला यातलं काही सांगितलं नव्हतंत. विसरला नसणार तुम्ही. ते माझं काम आहे म्हणून माझ्यावर सोडलंत.

प्रवास उघडला की मी येईन, ईराला घेऊन. आईसमोर बसेन आणि आम्ही परत येणार नाही, हे तिला माझ्या तोंडाने सांगेन. फोनवर नाही. ती रडली तर मी उठून जाणार नाही.

तुमची,
मीनल