कोजागिरीपर्यंत भाड्याने

४ सप्टेंबर, हिंगणघाट
जुन्या कापूस बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावरचा वन बीएचके पाहिला. मालकांचे वडिलोपार्जित मोठे घर पाडून बांधलेली इमारत; समोर मोबाइलचे दुकान, शेजारी अजून गुरांच्या सरकी-ढेपेचे. घर मला पसंत. घरमालक गोपाळशेठ (यापुढे गो.) यांस मी नाही. "मॅडम, तुमी एकल्या. उद्या काही झालं तं लोक म्हनतीन, या फ्लॅटात बाई गेली. मंग कोन घेईन तो?" मी म्हटले, भाडेकरू सगळेच मर्त्य, मग कोणालाच देऊ नये असे ठरते. "तुमचं बरोबर हाय. पन देनार नाई." हेतू मान्य, निष्कर्ष अमान्य! तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, असा प्रतिपक्षी...
अखेर तडजोड: कोजागिरीपर्यंत राहून पाहावे. मग अकरा महिन्यांचा करार. अन्यथा पुण्यास भाच्याकडे 'आत्याची खोली'. त्या खोलीत इस्त्रीचे टेबलही असते.

६ सप्टेंबर
सामान लागते न लागते तोच ढेपवाल्या शांताबाई दारात. मागे मुलींचा घोळका, एकीच्या हाती मातीची भुलाबाई. "उद्या पुनव. आमची भुलाबाई जुन्या घराच्या ओसरीत बसे. थे ओसरी इथंच होती, तुमच्या टीव्हीच्या जागी."
टीव्ही नाही, असे सांगितले.
"मंग तं अजून बरं!"
प्रश्न रोचक. घर पाडले, ओसरी गेली; ओसरीची जागा मात्र उरते. कशाच्या आधारे?
गो.स फोन. "बिलकुल नाई! एकदा बसली का दरवर्षी हक्क सांगतीन." म्हणजे भय देवीचे नव्हे, वहिवाटीचे.

७ सप्टेंबर
बसवली. समर्थन: भुलाबाई महिनाभराची माहेरवाशीण, आणि पाहुणे येऊ नयेत अशी अट नाही. मीही तूर्त तेवढ्याच मुदतीची. गो.स कळवले. उत्तर नाही. करार गेला, बहुधा.
गाण्यांनंतर बंद डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा माझा. "तिखट का गोड?" गोड. "गोल?" होय. "तिळाचा?" नाही, दाण्याचा.
खेळ संपला. मुलींची तोंडे उतरली. शांताबाईंची नात माझ्यावर चिडली: "आजी, असं पटकन सांगतेत काय? घुमवा लागते नं!"
नेमके उत्तर हा दोष ठरावा, हे नवे.

१९ सप्टेंबर
प्रगती आहे. आज "तिखट का गोड?" यावर विचारले, 'तुम्ही तिखट कशाला म्हणता?' मुलींत वाद जुंपला. लिंबाच्या गोड लोणच्यापर्यंत पोहोचता पोहोचता दिवेलागण झाली. वरच्या मजल्यावरच्यांची बँकेत जाणारी सून तक्रार करायला उतरली, "सांगा तरी डब्यात काय आहे" म्हणत सतरंजीवर बसली.
गो.चे मौन. मौनाचा अर्थ संमती, हे कोणी सिद्ध केले?
भाच्याने खोलीचे छायाचित्र पाठवले. इस्त्रीचे टेबल आहेच.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव, आटीव दूध. गाणी चालू असताना गो. दारात. शांताबाई म्हणाल्या, "काऊन गोपाळभाऊ, आता काय देवीकडून भाडं घेता?"
गो.नी चपला बाहेर काढल्या. खाऊ ओळखायला बसले; मी घुमवले; गो. हरले. वाटीभर खाऊन पुन्हा वाटी पुढे केली. भिंतीकडे पाहत म्हणाले, "माही बहीन हरली का इथंच रुसून बसे." मग न्हाणीघरात डोकावून, "हा गिझर थंडीच्या आधी बदलवा लागीन."
मी सरळ विचारले: करार, होय की नाही?
चपला घालता घालता गो. म्हणाले, "ओळखा, मॅडम."
गिझर बदलणार, अर्थात थंडीत येथे कोणीतरी राहणार. कोण, हे त्यातून निष्पन्न होत नाही. पुण्यास अद्याप काही कळवलेले नाही.
मूर्ती पुढच्या वर्षापर्यंत कुठे ठेवावी, असे शांताबाई विचारत होत्या. माझ्या माळ्यावर ठेवली.