सातवी ओळ

३ मार्च
पोचले एकदाची! खोली लहान, पण खिडकीतून अख्खी नदी दिसते. चौदा तारखेपासून धरणात पाणी अडवणार. त्याआधी बुडणाऱ्या मुलेया गावातल्या चारशे बारा कबरी डोंगरावर हलवून झाल्यात. एकेका कबरीबद्दल घरच्यांचा जबाब एकेका फाइलीत. मी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर फाइलीचं नाव टाइप करते, की आतला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसाला द्यायच्या हुकमात, शिरतो आणि डेटाबेसात जाऊन बसतो. कचेरीचे हामूंगा साहेब म्हणाले, लुयांदो, मेलेल्यांना घाई नसते गं, मला आहे! दुपारी न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि तळलेली मासळी. झकास.

५ मार्च
साठ फाइली बिनबोभाट. एकसष्टावी बिना मुन्सांजे नावाच्या आजींची, त्यांच्या आईच्या कबरीबद्दल. फाइलीत सहा ओळी, डेटाबेसात सात. सातवी : मी अजून इथंच आहे. पुसली, पुन्हा भरली. पुन्हा सात. साहेब म्हणाले, चष्मा लाव.

८ मार्च
आता प्रत्येक जबाबाला शेवटी एक जादा ओळ. एकसष्टाव्यात आज : चिंचेखाली, दगडाच्या डावीकडे. फाइल उघडून बोटानं मोजलं. सहाच ओळी.

१० मार्च
बिना आजींकडे गेले. ओळ वाचून दाखवली. म्हणाल्या, आई तिथंच होती, डाव्या अंगाला; पण हे मी जबाबात सांगितलंच नव्हतं. मग माझं मनगट धरून — पोरी, मग डोंगरावर आम्ही रडलो कुणापुढं?
साहेबांना विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवून कबूल केलं. डोंगरावर पुरलेल्या पेट्यांत नुसती माती होती. खणायला वेळच नव्हता म्हणे. माती ती मातीच, तू ओळी पुसून मोकळी हो.

१२ मार्च
नाही पुसल्या. पाणी थोडं थांबवा म्हणायला धरणाच्या इंजिनिअरकडे गेले, तर ते हसले. धरणाची दारं दोन दिवस आधीच बंद केली. पाणी चढतंय.
ओळी आपोआप बदलताहेत. सकाळी : पाय ओले झाले. दुपारी : गळ्याशी आलं. सगळे जबाब कालच भरून झाले, त्यामुळे चारशे बारा वेळा. मी तर काही भरतच नाहीये —

१३ मार्च
चिंचेखाली. आजी खणताहेत. मला कुदळ देत नाहीत. तू लिही म्हणतात, उद्या कुणी नाही म्हणायला नको. पाणी घोट्यापर्यंत.

आजी पालथ्या झाल्यात — हात खांद्यापर्यंत खड्ड्यात —

हसताहेत. म्हणतात, धरला गं आईनं हात.

गुडघे बुडाले. वही भिज—

आजी ओरडताहेत, ओढ पोरी, ओढ — पण कुणाला — कुठल्या बाजूला, ते